टिश्यू व्हॉल्व्ह आतून कसा खराब होतो: दुसऱ्या ऑपरेशनपर्यंतचा अनुभव

माझ्या फाइलमध्ये इकोचे, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचे, रिपोर्ट तारखेवार लावलेले आहेत आणि प्रत्येकावर एका आकड्याभोवती मी पेनाने गोल केलेला आहे: मीन ग्रेडियंट. हृदयात टिश्यू व्हॉल्व्ह, म्हणजे प्राण्याच्या ऊतीपासून केलेली कृत्रिम झडप, बसवली त्या ऑपरेशननंतरच्या पहिल्या इकोत तो १२ होता. पुढे कित्येक वर्षं ११, १३, १२, १४ असा तिथल्या तिथेच घुटमळला. मग एका वर्षी १९ आला. तेव्हा हिमोग्लोबिन कमी होतं. रक्त कमी असलं की हृदय जोरात पंप करतं आणि ग्रेडियंट तसाही चढतो, म्हणून लोहाच्या गोळ्या घेऊन पुन्हा बघायचं ठरलं. हिमोग्लोबिन वाढलं, ग्रेडियंट मात्र खाली यायचं नाव घेईना. त्यानंतर २६ आणि त्यानंतर ३९.

हा आकडा म्हणजे झडपेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला सरासरी फरक, पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. महाधमनीच्या निरोगी झडपेवर तो नगण्य असतो. कृत्रिम झडपेला कडं असतं, खांब असतात, ते जागा अडवतात, त्यामुळे थोडा ग्रेडियंट पहिल्या दिवसापासूनच असतो. म्हणून सुटा आकडा बघून काही कळत नाही, तो मूळ आकड्यापेक्षा किती चढला ते बघायचं. सध्या वापरात असलेल्या निकषांप्रमाणे मीन ग्रेडियंट निदान १० ने वाढून २० किंवा त्यावर गेला आणि झडपेचं तोंडही त्याच प्रमाणात आक्रसलेलं दिसलं, तर पाकळ्या खराब होऊ लागल्या असं धरतात. निदान २० ने वाढून ३० किंवा त्यावर गेला तर प्रकरण गंभीर. मी दुसऱ्या पायरीवर पोचले होते.

हे अनपेक्षित नव्हतं, हे आधीच सांगते. माझ्या महाधमनीच्या झडपेला जन्मापासून तीनऐवजी दोनच पाकळ्या होत्या. शंभरातल्या एखाद-दोन माणसांत असं असतं आणि बऱ्याच जणांना ते उतारवयापर्यंत कळतही नाही. माझी झडप तिशीतच अरुंद झाली. बदलायची तर धातूची की टिश्यूची, हा प्रश्न तेव्हा समोर होता. ‘धातूची’ असं सगळे म्हणतात, पण तिच्या दोन चकत्या खरं तर पायरोलिटिक कार्बनच्या असतात. ती बहुधा जन्मभर टिकते, मात्र तिच्यावर गुठळी होऊ नये म्हणून वॉरफरिन जन्मभर घ्यावं लागतं. वॉरफरिन वारेतून बाळापर्यंत पोचतं आणि गर्भारपणाच्या पहिल्या तिमाहीत घेतलं तर बाळात व्यंग निर्माण करू शकतं. मला मूल हवं होतं. सर्जननी स्पष्ट सांगितलं, “टिश्यू घातली तर तुमच्या वयाला ती दहा-पंधरा वर्षं चालेल, कदाचित त्याहूनही कमी. पुन्हा ऑपरेशन होणार हे धरूनच चला.” मी ते धरून चालले. माझी मुलगी आता शाळेत जाते. सौदा माझ्या बाजूने झाला असंच मी मानते.

मला राग यायचा तो ‘झडपेचं आयुष्य संपलं’ या वाक्याचा. जो तो तेवढंच सांगून मोकळा होतो. वस्तू खराब होते म्हणजे तिच्यात काहीतरी घडतं. ते काय घडतं, हे मला कळायला हवं होतं, कारण पुढचा निर्णय त्याच्यावरच घ्यायचा होता.

आधी बाकीचे संशयित

ग्रेडियंट वाढला म्हणजे पाकळ्या कामातून गेल्या असा निष्कर्ष लगेच काढत नाहीत, हे मला तेव्हा समजलं. चार वेगवेगळ्या भानगडींत आकडा सारखाच चढतो आणि चारही भानगडींचे उपाय वेगळे.

पहिली शक्यता, झडप मुळातच शरीराच्या मानाने लहान बसली असेल. पण मग ग्रेडियंट पहिल्या इकोपासूनच जास्त असता, असा वर्षागणिक चढला नसता. इथे जुने रिपोर्ट कामी आले. ज्यांच्याकडे ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांतला इको नसतो, त्यांच्या बाबतीत डॉक्टरही अंधारात चाचपडतात.

दुसरी शक्यता, गुठळी. टिश्यू व्हॉल्व्हच्या पाकळ्यांवरही गुठळीचा पातळ थर बसू शकतो. पाकळी जाड होते, नीट उघडत नाही. हा प्रकार रक्त पातळ करणाऱ्या औषधाने बरा होऊ शकतो, त्यामुळे तो नजरेतून सुटणं परवडणारं नसतं. साध्या इकोत हा थर पुष्कळदा दिसत नाही, हृदयाच्या ठोक्याशी जुळवून काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये पाकळीवर काळसर जाडी म्हणून दिसतो. तिसरी शक्यता जंतुसंसर्गाची. ताप नव्हता, तरी वेगवेगळ्या शिरांमधून रक्त घेऊन कल्चर लावलं. त्यात काही वाढलं नाही. चौथी, कड्याच्या कडेने शरीराची स्वतःची तंतुमय ऊती वाढून आत सरकणं. तिला पॅनस म्हणतात. तिने पाकळ्या चांगल्या असतानाही वाट अडते.

इकोच्या खोलीतला एक तपशील सांगायलाच हवा. तिथल्या ताईंनी डाव्या कुशीवर झोपवून नेहमीचं सगळं मोजलं आणि मग म्हणाल्या, “आता उजव्या कुशीवर वळा.” इतक्या वर्षांत मला कुणी तसं वळायला सांगितलं नव्हतं. त्यांनी पेनासारखा बारीक प्रोब काढला. त्याने हृदयाचं चित्र दिसत नाही, फक्त रक्ताच्या वेगाचा आवाज येतो आणि पडद्यावर वेगाची आकृती उमटते. तो उरोस्थीच्या उजव्या कडेला बरगड्यांच्या फटीत रोवून त्या कान देऊन ऐकत राहिल्या. प्रोब केसभर हलवला की आवाज फुसका व्हायचा, परत आणला की शिट्टीसारखा चढायचा. शेवटी एका जागी त्यांनी हात स्थिर धरला. डावीकडून वेग सेकंदाला ३.५ मीटर मिळाला होता, इथून ४.१ मिळाला. मशीन दाब मोजत नाही, वेग मोजतं आणि वेगाच्या वर्गाला चारने गुणून दाब काढतं. त्यामुळे वेगातल्या एवढ्याशा फरकाने सर्वोच्च ग्रेडियंट ४९ वरून ६७ वर जातो. प्रोबचा कोन चुकला तर आकडा नेहमी खरा आहे त्याहून कमीच येतो.

मग त्यांनी पडद्यावरच्या आकृतीकडे बोट दाखवलं. झडप ठीक असली की वेगाचं टोक झटकन येतं आणि आकृती त्रिकोणी दिसते. अडथळा असला की टोक उशिरा येतं, आकृती घुमटासारखी गोल होते. माझा घुमट झाला होता. शिवाय दुसऱ्या दिशेनेही एक पट्टा दिसत होता. रक्त थोडं उलटंही येत होतं. “डॉक्टर सांगतील,” एवढं म्हणून त्यांनी माझ्या हातात टिश्यू पेपर दिला.

पुढे घशातून नळी घालून इको झाला आणि सीटीही झाला. घशातला इको फार त्रासाचा असतो असं ऐकून होते. घसा बधिर करायच्या फवाऱ्याची कडवट चव सोडली तर मला फारसं काही आठवत नाही. सीटीत पाकळ्यांवर काळसर जाडी नव्हती. होते ते पांढरेशुभ्र ठिपके, खांबांच्या जवळ दाटीने. कॅल्शियम.

मेलेली ऊती

हे कॅल्शियम आलं कुठून, यावर कार्डिऑलॉजिस्टनी मला बराच वेळ दिला. त्यांचा मी पिच्छाच पुरवला होता म्हणा. त्यांनी सांगितलेलं आणि नंतर मी शोधून वाचलेलं एकत्र मांडते.

टिश्यू व्हॉल्व्ह दोन प्रकारांनी करतात. एक, डुकराच्या महाधमनीची झडपच घेऊन. दुसरा, गाय-बैलाच्या हृदयाभोवतीच्या आवरणाचे तुकडे कापून, चौकटीवर शिवून. माझी दुसऱ्या प्रकारची होती. हे आवरण जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, बहुतेक सगळं कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाचं. ते तसंच्या तसं माणसात घातलं तर शरीर ते ओळखतं आणि नष्ट करतं. १९६५ मध्ये पॅरिसमध्ये डुकराच्या झडपा माणसांत बसवल्या गेल्या, पण तेव्हाच्या पद्धतीने टिकवलेल्या त्या झडपा लवकर बिघडल्या. त्या बसवणाऱ्या गटातले सर्जन आलँ कार्पाँतिए यांनी मग १९६० च्या दशकाच्या शेवटी ऊती ग्लुटारअल्डिहाइड या रसायनात बुडवायची पद्धत आणली. आज मिळणाऱ्या जवळजवळ सगळ्या टिश्यू व्हॉल्व्हचा पाया तोच आहे.

ग्लुटारअल्डिहाइडच्या रेणूच्या दोन्ही टोकांना अल्डिहाइड असतं. एक टोक कोलॅजेनच्या एका धाग्याला चिकटतं, दुसरं शेजारच्या धाग्याला. असे लाखो टाके पडले की ऊती मजबूत होते, कुजत नाही, निर्जंतुक होते आणि परकेपणाच्या बऱ्याचशा खुणा झाकल्या जातात. चामडं कमावतात ते याच रसायनशास्त्राने, आणि खरोखरच ग्लुटारअल्डिहाइड त्या धंद्यातही वापरतात. माझ्या हृदयात होत्या त्या कमावलेल्या कातड्याच्या तीन पाकळ्या.

इथेच मेख आहे. ज्या प्रक्रियेमुळे ती झडप मला चालली, त्याच प्रक्रियेने ती खराब होण्याची सोयही करून ठेवली होती.

जिवंत झडपेत पेशी असतात. कोलॅजेनचा धागा तुटला की त्या नवा विणतात. शिवाय प्रत्येक जिवंत पेशी रात्रंदिवस कॅल्शियम बाहेर फेकत असते, कारण पेशीच्या बाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट जास्त असतं. ग्लुटारअल्डिहाइडने पेशी मरतात, पण त्यांचे सांगाडे जागच्या जागी राहतात. पंप बंद, आवरणं फुटकी. रक्तातलं कॅल्शियम आत शिरतं, तिथे पेशीच्या आवरणातल्या फॉस्फोलिपिडमधलं फॉस्फरस तयारच असतं. दोन्हींचे सूक्ष्म कण बनतात, कणांवर कण चढतात आणि पुढे त्याचं हाडात असतं तसंच खनिज होतं. रक्तातलं कॅल्शियम अगदी नॉर्मल असतानाच हे घडतं. माझं कॅल्शियम, फॉस्फरस, किडनीचं काम, पॅराथायरॉइड, सगळं तपासलं होतं आणि सगळं ठीक होतं. किडनी निकामी असलेल्यांत हाच प्रकार फार झपाट्याने होतो, म्हणून ते बघतात. गर्भारपणात घेतलेल्या कॅल्शियमच्या गोळ्यांमुळे हे झालं, असं मला सांगणारे बरेच भेटले. असं म्हणणाऱ्यांच्या तोंडी लागू नये.

दुसरी गोष्ट, अल्डिहाइडची सगळी टोकं कुठे ना कुठे चिकटतातच असं नाही. काही मोकळी राहतात आणि तीही कॅल्शियमला धरून ठेवतात. नव्या पिढीच्या झडपांत ही मोकळी टोकं रासायनिक टोपण घालून बंद करतात. फॉस्फोलिपिड काढायला अल्कोहोलमध्ये धुण्याची पद्धत त्याआधीपासून आहे.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत पटली. पाकळीला मऊपणा देणारा, पाणी धरून ठेवणारा जो साखरेच्या साखळ्यांचा गर कोलॅजेनच्या थरांमध्ये असतो, त्याच्याशी ग्लुटारअल्डिहाइडचं जमत नाही. तो पक्का होत नाही आणि हळूहळू धुऊन जातो. थर एकमेकांवर सरकायचे थांबतात, पाकळी वाकताना तिला आतून चुण्या पडतात. जिथे चुणी पुन्हा पुन्हा पडते तिथला धागा तुटतो. तो विणायला जिवंत पेशी नाहीत.

चाळीस कोटी वेळा

हृदय दिवसाला साधारण एक लाख ठोके देतं, म्हणजे वर्षाला साडेतीन कोटींच्या वर. माझ्या झडपेने बाहेर येईपर्यंत चाळीस कोटींच्या आसपास उघडझाप केली असणार. बाजारात येण्याआधी टिश्यू व्हॉल्व्ह मशीनवर २० कोटी वेळा उघडझाप करून तपासावी, असा आंतरराष्ट्रीय मानकाचा दंडक आहे. धातूच्या झडपेला ४० कोटी. २० कोटी म्हणजे शरीरातली साडेपाच वर्षं. पण मशीनमध्ये रक्त नसतं, प्रतिकारशक्ती नसते, त्यामुळे तिथे फक्त यांत्रिक झीज कळते.

पाकळीवर सर्वांत जास्त ताण येतो तो ती बंद होते तेव्हा, खांबांपाशी, जिथे दोन पाकळ्या मिळतात आणि टाक्याने धरलेल्या असतात. चौकटीची रचना आणि टाके किती महत्त्वाचे, याचा धडा आयोनेस्क्यू-शायली या जुन्या झडपेने दिला. तिच्यात पाकळ्या खांबापाशी ज्या टाक्याने धरल्या होत्या, तिथेच फाटायच्या. पुढच्या रचनांमध्ये ती बांधणी बदलली गेली. बंद होताना मायट्रल झडपेला, म्हणजे हृदयाच्या डाव्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या झडपेला, डाव्या खालच्या कप्प्याचा आकुंचनाचा दाब, म्हणजे १२० च्या घरातला, अडवायचा असतो. महाधमनीच्या झडपेला हृदय सैल पडल्यावरचा ८० च्या आसपासचा. म्हणून तीच ऊती मायट्रलच्या जागी लवकर खराब होते.

आणि रक्त. त्यातली प्रथिनं, स्निग्ध कण, साखरेने चिकट झालेले रेणू पाकळीत झिरपत राहतात आणि धाग्यांची ठेवण बिघडवतात. कितीही कमावली तरी प्राण्याच्या ऊतीवर काही साखरेच्या खुणा शिल्लक राहतात. अल्फा-गाल ही त्यातली मुख्य. माणसाच्या शरीरात ती नसते, आणि आपल्या आतड्यांतल्या जंतूंमुळे तिच्याविरुद्धच्या अँटिबॉडी आपल्या रक्तात आधीपासूनच असतात. प्रत्यारोपित किडनीवर होतो तसला हल्ला इथे होत नाही. पण कुरबूर चालू राहते आणि मॅक्रोफेज, म्हणजे परकं ते गिळणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, पाकळीचा पृष्ठभाग कुरतडतात.

आता वयाचं. सत्तरीतल्या माणसाला हीच झडप बहुधा उरलेल्या आयुष्याला पुरते, तिशीतल्या बाईला पुरत नाही. तरुण शरीरात प्रतिकारशक्ती तिखट, कॅल्शियमची उलाढाल जोमदार, हृदयातून जाणारं रक्तही जास्त. गर्भारपणात हृदयाला तीस ते पन्नास टक्के जास्त रक्त पंप करावं लागतं, म्हणून पूर्वी दोष गर्भारपणाला दिला जायचा. पण त्याच वयाच्या, कधीच गरोदर न राहिलेल्या बायकांच्या झडपाही जवळपास त्याच वेगाने खराब होताना दिसल्या आणि बोट वयाकडे वळलं. हे कार्डिऑलॉजिस्टनी, मी न विचारताच, मुद्दाम सांगितलं. बाळंतपण झालेल्या बाईला हे सांगायची गरज असते, हे त्यांना समजलं, याबद्दल त्यांचे आभार.

पुन्हा छाती उघडायची की नाही

खराब झालेल्या टिश्यू व्हॉल्व्हच्या आत जांघेतल्या धमनीतून दुसरी टिश्यू व्हॉल्व्ह नेऊन उघडता येते. माणसाच्या महाधमनीत अशी नळीवाटे झडप पहिल्यांदा बसवली ती फ्रेंच कार्डिऑलॉजिस्ट आलँ क्रिबिए यांनी, २००२ मध्ये. झडपेच्या आत झडप हा त्याचाच पुढचा अवतार. छाती उघडावी लागत नाही, दोन-तीन दिवसांत माणूस घरी. नातेवाइकांनी हे ऐकल्यापासून घरात दुसरा विषय नव्हता.

माझ्या बाबतीत ते बसत नव्हतं. माझी झडप २१ नंबरची होती. नंबर आणि आतला मोकळा व्यास एक नसतो, आतून ती त्याहून एक-दोन मिलिमीटर अरुंदच असते. तिच्यात आणखी एक चौकट घातली की वाट आणखी लहान, म्हणजे अरुंदपणासाठी केलेल्या उपायानंतरही ग्रेडियंट विशीत राहण्याची शक्यता. उच्च दाबाच्या फुग्याने जुन्या झडपेचं कडं फोडून जागा करतात, पण प्रत्येक कडं फुटत नाही. दुसरी अडचण, नवी झडप जुन्या पाकळ्यांना बाहेर ढकलते, त्या कायम उघड्या राहतात. हृदयाला रक्त देणाऱ्या धमन्यांची तोंडं जवळ असली तर ती झाकली जाऊ शकतात. सीटीवर मोजल्यावर माझ्या एका बाजूला अंतर चार मिलिमीटरच्या खाली आलं आणि तिथेच तो विषय बंद झाला.

तिसरी गोष्ट माझी मीच काढली. आत जाणारी झडपही कमावलेल्या ऊतीचीच. माझं वय अजून पन्नाशीच्या बरंच अलीकडे. जे शरीर एकदा असं वागलं ते दुसऱ्यांदा वेगळं कशाला वागेल? सर्जन हसले आणि म्हणाले, “तुम्ही माझं काम सोपं केलंत.” पन्नाशीच्या आतल्या रुग्णाला वॉरफरिन चालणार असेल तर धातूची झडप, असाच मार्गदर्शक तत्त्वांचाही कल आहे. मूल झालेलं होतं. वॉरफरिनला नाही म्हणायचं कारण उरलं नव्हतं.

दुसऱ्या वेळच्या ऑपरेशनबद्दल थोडंच सांगते. पहिल्या वेळेनंतर हृदय उरोस्थीच्या मागच्या बाजूला चिकटलेलं असू शकतं, त्यामुळे कापण्याआधी हाड आणि हृदय यांच्यातलं अंतर सीटीवर बघतात आणि गरज पडली तर हार्ट-लंग मशीनला पटकन जोडता यावं म्हणून जांघेतल्या रक्तवाहिन्या तयार ठेवतात. चिकटलेलं सोडवण्यात वेळ जातो. माझं ऑपरेशन पहिल्यापेक्षा बरंच लांबलं, खोकला आला की टाके धरून बसायचं वगैरे सगळं पहिल्यासारखंच. नवीन गोष्ट एकच होती, शुद्धीवर आल्यावर ऐकू येणारी टिकटिक. ती माझ्याच झडपेची.

ताटलीतली झडप

ऑपरेशनच्या आधीच मी विचारून ठेवलं होतं की काढलेली झडप मला बघायला मिळेल का. सर्जनना वावगं वाटलं नाही. ती तपासणीला पॅथॉलॉजीत जातेच. टाके वाळल्यावर, तिथे फोन करून, मी गेले.

पॅथॉलॉजिस्ट बाईंनी फॉर्मॅलिनच्या बरणीतून ती काढली, पाण्याखाली धुतली आणि स्टीलच्या ताटलीत ठेवली. बांगडीपेक्षा कितीतरी लहान. कापडी कडं, त्यावर सर्जननी कापलेल्या टाक्यांची टोकं अजून तशीच. तीन खांब. मी मनात पांढऱ्या, पातळ पाकळ्यांचं चित्र धरून गेले होते. होत्या त्या पिवळट, आणि दोन तर पाकळ्या वाटतच नव्हत्या. खांबाजवळ ओबडधोबड गाठी, ज्वारीच्या दाण्याएवढ्या. बाईंनी चिमट्याने एका गाठीवर टकटक केलं, दगडावर वाजावं तसं वाजलं. तिसरी पाकळी चिमट्याने उचलली तर उचलली गेली, सोडली तर परत पडली. झडप म्हणून काम करणारी तेवढी एकच उरली होती.

“तिघी सारख्या का नाही खराब झाल्या?” मी विचारलं. हृदयावरणात धाग्यांची दिशा जागोजागी बदलते, तुकडा कुठून कापला आणि कसा शिवला त्यावर ताण कसा वाटला जातो ते ठरतं, असं त्यांनी सांगितलं. ताण जास्त तिथे कॅल्शियम आधी.

मग त्यांनी झडप उलटी केली. एका गाठीच्या कडेला, खांबाला लागूनच, जेमतेम चार मिलिमीटरची चीर होती. इकोत दिसलेला उलटा पट्टा तिथून येत होता. “कडा बघा, गुळगुळीत आहेत. काढताना फाटली असती तर धागे सुटे दिसले असते. ही जुनी आहे.” कडक झालेला भाग वाकत नाही, शेजारचा मऊ भाग वाकतो, दोन्हींच्या सीमेवर फाटतं. म्हणजे कॅल्शियम साठणं आणि फाटणं हे माझ्या डोक्यात दोन वेगळे बिघाड होते, इथे ते एकाच जागी एकमेकांना चिकटून दिसत होते.

त्यांनी झडपेचा काढलेला एक्स-रेही दाखवला. चौकटीची तार स्पष्ट, आणि तिच्या आत पांढऱ्या ठिपक्यांचे पुंजके, अगदी सीटीत होते तिथेच. काचपट्टीवर कॅल्शियम काळं दाखवणारा रंग दिलेला होता. मायक्रोस्कोपमधून बघितलं तर काळे डाग पाकळीच्या पृष्ठभागावर नव्हते, आत होते, दोन थरांच्या मधे. पाकळीच्या कडेने निळसर ठिपक्यांची रांग होती, ती माझ्या मॅक्रोफेज पेशींची. गुठळी नाही, जंतू नाहीत. पॅनस होता, पण नावापुरता, कापडाच्या कडेला.

रिपोर्टमध्ये हे सगळं दोन ओळींत आलं आहे. झडप मी मागितली नाही. त्यांनी शिकवण्यासाठी ठेवू का विचारलं, मी ठेवा म्हटलं.

आता आयएनआर, म्हणजे वॉरफरिनवर रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, २ ते ३ च्या मध्ये ठेवायचा आहे. पहिल्या काही आठवड्यांत तो लहान मुलासारखा सांभाळावा लागला, कधी १.६, कधी ३.८, हळूहळू एका डोसवर स्थिरावतो आहे. कार्बनच्या चकत्यांत कॅल्शियम साठत नाही, पण गुठळी होऊ शकते आणि कड्यावरून पॅनस वाढू शकतो, म्हणून इको सुटलेला नाही. दातांच्या कामाआधी अँटिबायोटिक पूर्वीसारखंच घ्यायचं आहे.